कारणाचा रकाना

७ ऑगस्ट, सोमवार

सकाळची हजेरी झाल्यावर मोठ्या सरांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना थांबवून घेतलं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या इस्पितळातून पथक येणार आहे. आपल्या एकशे बाराही मुलांचे डोळे तपासणार आणि कोण कशामुळे आंधळं झालं, त्याची कारणं लिहून नेणार. सर अगदी खुशीत होते. शाळेचं नाव होईल म्हणे.

मी म्हटलं, "सर, कारण कळून दिसायला लागणार आहे का?" सगळे हसले. सरही हसले, पण म्हणाले, "बाई, प्रवेशाची जुनी रजिस्टरं तेवढी वर काढून ठेवा."

दुपारी काढली. सत्तावीस वर्षांतली बहुतेक पानं माझ्याच हातची. नाव, वय, पालक, पत्ता, आणि शेवटी 'अंधत्वाचे कारण'. त्या रकान्यात मी जवळजवळ सगळीकडे 'जन्मतः' लिहिलंय. काही ठिकाणी 'ताप'. एका ठिकाणी 'माहीत नाही' लिहून मग खोडून 'जन्मतः' केलंय. रकाना रिकामा राहिला की कारकून कागद परत पाठवायचा, त्याला मी तरी काय करणार? आईबाप रडत समोर बसलेले असतात. त्यांना उलटतपासणीसारखं विचारत बसायचं?

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे आयुष्यभर जमिनी मोजून नकाशे काढणारे. रिटायर झाल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट मोजतात. म्हणाले, "एकशे बारांना एकच कारण? छान. माझ्या नकाशात सगळ्या विहिरी एकाच जागी निघाल्या असत्या तर मला घरी बसवलं असतं."

मी आत पळाले. भाजी करपत होती.

९ ऑगस्ट, बुधवार

आठवीच्या वर्गात आज घारीला परत पकडलं. खिडकीपाशी जाऊन, कागद नाकाला टेकवून, उन्हाच्या तिरिपेत ब्रेलचे ठिपके डोळ्यांनी वाचत होती. बोटं नुसती मांडीवर. मी मागून जाऊन उभी राहिले तरी तिला पत्ता नाही, इतकी गुंग. (एरवी माझी चप्पल तिला व्हरांड्याच्या टोकावरून ओळखू येते.)

"काय चाललंय?"

"काही नाही बाई. वास घेत होते कागदाचा."

हजरजबाबी कार्टी. मला हसू आलं, पण दाखवलं नाही. रुमाल बांधला डोळ्यांवर आणि म्हटलं, आता सबंध पान बोटांनी वाच. वाचलं तिने, घडाघडा. शाळेत तिच्याइतकं जलद ब्रेल कुणी वाचत नाही आणि त्यातलं निम्मं श्रेय या रुमालाचं आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. मी नवीन होते तेव्हाच्या मोठ्या बाई सांगायच्या, या मुलांना जी काही चिमूटभर नजर असते ती वापरली की खर्चून जाते. बोटांवर आणलं तरच पोर तरतं. मी त्याप्रमाणे चालत आले. अशी सतरा-अठरा मुलं मी बोटांवर आणली.

घार हे नाव वसतिगृहातल्या मुलींनी ठेवलेलं. कुणाची सुई पडो, बटण पडो, केसाची पिन पडो, ही झडप घालून उचलते. आमची स्वयंपाकीण म्हणते, तिला वास येतो. मी म्हणते, कान तिखट आहेत. पडल्याचा आवाज नेमका हेरते. सहा वर्षांची असताना आली, आई नाही, बाप दुसरं लग्न करून गेलेला. आत्याने आणून सोडली. माझ्या पोटी मूल नाही. या मुलीवर माझा जीव जरा जास्त आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ते लपवतही नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

पथक आलं. पथक म्हणजे काय, तर बॉबकट केलेली एक डॉक्टरीण, माझ्या भाचीच्या वयाची, आणि यंत्रांच्या तीन पेट्या वाहणारा एक मदतनीस. संगीताची खोली त्यांना दिली. खिडक्यांना काळा कागद लावला, भिंतीवर तक्ता टांगला.

मी म्हटलं, "तक्ता कशाला? इथे कुणाला दिसतं?"

ती म्हणाली, "बाई, तेच तर विचारायला आलेय."

तिला मोठ्यांशी बोलायची रीत नाही. पण मुलं खूश आहेत. डोळ्यांत औषध घातलं की चुरचुरतं, त्याची बाहेर येऊन बढाया मारतात. दुसरीतल्या एका छोटीने तर "मला दोनदा टाकलं" म्हणून भाव खाल्ला. तिला सगळ्या 'मुंगी' म्हणतात. सात वर्षांची आहे, भिंतीला लागून लागून चालते.

डॉक्टरीण संध्याकाळी रजिस्टर चाळत बसली. पानं उलटताना एकदा नुसती थांबली, माझ्याकडे पाहिलं, परत उलटायला लागली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑगस्ट

साठ मुलं झाली. कारणं ऐकून डोकं भणभणलं. दोघी बहिणी: आईबापांचं नात्यातलं लग्न. एकाला गोवरात डोळ्यांवर फूल पडलं. वेळेवर औषध मिळालं असतं तर वाचला असता. जुळ्यातला एक: सातव्या महिन्यात जन्मला, पेटीत ठेवला, नंतर डोळ्यांचा पडदा कुणी तपासलाच नाही. एकीच्या डोळ्यांत आजीने कसलासा पाला पिळला होता. या सगळ्यांपुढे माझ्या अक्षरात 'जन्मतः'.

डॉक्टरीण म्हणते, निम्म्याच्या आसपास तरी टाळता आलं असतं.

मला राग आला. कुणाचा ते कळलं नाही, म्हणून शिपायावर काढला.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

घारीची पाळी. मी मुद्दाम बरोबर गेले. ती आत शिरली आणि मध्ये ठेवलेल्या स्टुलाला वळसा घालून खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टरीण माझ्याकडे पाहून म्हणाली, "स्टूल आहे हे हिला कुणी सांगितलं?"

"सवयीची खोली आहे," मी म्हटलं.

"स्टूल मी आज आणलंय."

मग तिने घारीच्या नाकावर एक लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यात एकेक काच घालत गेली. ही बरी का ती बरी, ही का ती. घार गप्प. एवढी बडबडी मुलगी, पण ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं घाबरली. शेवटी एक जाडजूड काच घातली, तेव्हा तिने मान हळूच वळवली, माझ्या दिशेने, आणि म्हणाली, "बाईंच्या स्वेटरला ठिपके आहेत. पांढरे. पण ब्रेलसारखे सहाच्या हिशेबात बसत नाहीत, कसेही पसरलेत."

मी खाली पाहिलं. आहेत. स्वेटर नवा आहे, काल पहिल्यांदा घातला.

मी म्हटलं, मुलींपैकी कुणी सांगितलं असेल. घारीने चौकट काढून द्यायला नकार दिला. दोन्ही हातांनी धरून बसली. मदतनिसाने समजूत घालून काढून घेतली.

मुलींना रंग कोण सांगणार? हे आत्ता लिहिताना सुचलं.

१९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी ऑफिसात बोलावून सांगितलं. मोठे सरही होते. घारीला जन्मतः मोतीबिंदू होता हे खरं. पण तान्ही असतानाच तिची शस्त्रक्रिया झालेली आहे, दोन्ही डोळ्यांची, आणि चांगली झालेली आहे. खूण स्पष्ट दिसते म्हणे. आतलं भिंग काढून टाकलं की बाहेरून जाड काचेचा चष्मा लावावाच लागतो. तो असला तर मूल बऱ्यापैकी पाहतं. नसला तर समोर नुसतं धुकं.

"हिला चष्मा मिळालाच नाही असं दिसतं," ती म्हणाली. "एका डोळ्यात साय धरल्यासारखा पडदा साचलाय, तो काढता येईल. पण इतकी वर्षं स्पष्ट चित्र पोचलं नाही, की मेंदू पाहायचं शिकतच नाही. आता चष्म्याने फरक पडेल, पुष्कळ पडेल. पण सहाव्या-सातव्या वर्षी पडला असता तेवढा नाही." मग मला विचारलं, "बाई, इथे आली तेव्हा चष्मा होता का?"

"नाही," मी म्हटलं.

आणि मी खरंच तसं समजून म्हटलं. हे इथे लिहून ठेवते.

२२ ऑगस्ट, मंगळवार

अहवालात 'चष्म्यावाचून राहिलेली दृष्टी' या कारणाखाली अकरा मुलं निघालीत. घार, मुंगी आणि आणखी नऊ. मोठ्या सरांची खुशी मावळली. संस्थेच्या मंडळाने खुलासा मागितलाय. सरांनी घारीबद्दलचा कागद माझ्यापुढे सरकवला: 'विद्यार्थिनीस दाखल करतेवेळी पालकांनी चष्मा आणला नव्हता, तसेच शस्त्रक्रियेची माहिती दडवली.'

"दडवली कशाला लिहायचं सर? त्यांना कळलं नसेल."

"बाई, वाक्याला जरा वजन लागतं."

सही केली. आत्याचा चेहरा आठवून पाहिला; नीट आठवला नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

आत्या आली. तिला सरांनीच बोलावलं होतं. अर्ध्या दिवसाचा बसचा प्रवास करून आली, पायात रबरी चपला, हातात मुलीसाठी शेंगदाण्यांची पुडी. एका कापड गिरणीत सूत गुंडाळायच्या यंत्रावर आहे. सरांनी तिला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, शस्त्रक्रियेचं का सांगितलं नाहीत, चष्मा का दिला नाहीत.

ती भांबावली. मग म्हणाली, "दिला होता की."

"कुणाला?"

तिने माझ्याकडे बोट केलं. अगदी साधेपणाने, दुकानात भाव विचारल्यासारखं. "या बाईंना. मी म्हटलं, बाई, हिला हा लावल्याशिवाय करमत नाही, सारखा घसरतो म्हणून मागून काळी लेस बांधलीय. तर या म्हणाल्या, इथे हे लागत नाही, पोरं एकमेकांवर आपटतात, काच डोळ्यात जाईल. म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जास्त कळतं."

मी म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय."

"चूक कशी होईल? ती किती रडली त्या दिवशी! चष्म्यासाठी रडत होती, मला वाटलं माझ्यासाठी."

सरांनी तिला हात केला, पुरे. बाहेर पाठवलं. मग मला म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. अडाणी माणसं, अंगाशी आलं की दुसऱ्यावर ढकलतात."

मी मान हलवली. व्हरांड्यात आत्या बाकावर बसली होती. तिच्यासमोरून जावं लागलं. तिने विचारलं, "बाई, माझ्या हातून काही गुन्हा झालाय का हो?"

मी म्हटलं, "पाहू."

पाहू! असं म्हणून मी वर्गावर गेले.

२८ ऑगस्ट, सोमवार

काल दिवसभर स्वतःला समजावलं की असं घडलेलं नाही. आज मधल्या सुट्टीत कोठीची किल्ली घेतली. नव्या मुलांकडचं काचेचं, टोकदार सामान मी पहिल्याच दिवशी काढून ठेवते. नियमच आहे, मीच केलेला. बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे आहेत, त्यात टाकते. पालक परत मागत नाहीत, मीही उघडून पाहत नाही.

तिसऱ्या डब्यात आरसा, कात्री, कंगवे आणि तळाशी चष्मे. चार.

एकाला मागून काळी लेस होती. इवलासा, माझ्या तळहातात मावेल एवढा.

उरलेले तीन कुणाचे, मला माहीत नाही.

२९ ऑगस्ट

शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

२ सप्टेंबर, शनिवार

चष्मा पर्समध्ये घेऊन फिरत होते. आज यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं.

यांनी तो उचलला, काच पुसली, डोळ्यांपासून लांब धरून तिच्यातून वर्तमानपत्र पाहिलं. कितीतरी वेळ पाहत होते. म्हणाले, "याला चराही नाही गं."

मी रडले. म्हटलं, मला तसंच शिकवलं होतं. नजर खर्चून जाते म्हणायचे. मी चांगल्यासाठीच केलं. अहो, आठ वर्षं तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला तोही चांगल्यासाठीच.

"हं," हे म्हणाले.

"तुम्ही माझ्यावर रागवा तरी."

"मी रागावून तुला बरं वाटेल. पण तुझ्या सहीने ती बाई तिकडे खोटी ठरलीये, तिचं काय?"

मी म्हटलं, दोन वर्षं राहिलीत रिटायरमेंटला. झाकलेलं झाकलेलं राहू द्यावं. मुलीला आता चष्मा मिळतोच आहे. मागचं उकरून कुणाचं भलं होणार?

हे उठून चहा करायला गेले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली; यांनी आपणहून चहा केला की समजायचं, यांना माझ्याजवळ बसवत नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार

अकरा चष्मे आले. घारीच्या एका डोळ्यातला पडदा मागच्या आठवड्यातच इस्पितळात काढून झाला.

आज तिने चष्मा लावला. मुली भोवती गोळा: "काय दिसतं गं, काय दिसतं?" तिने आधी स्वतःचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी, बोटांच्या टोकांवरचे घट्टे. मग भिंत. म्हणाली, "शी, किती घाण आहे भिंत." सगळ्या खिदळल्या. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फार जवळ.

"बाई, आवाजावरून तुम्ही उंच वाटायचात."

"मग?"

"माझ्याएवढ्याच आहात."

मी हसले. तिने बघतच राहून विचारलं, "तुम्ही हसता तेव्हा डोळे नाही हसत का?"

मुंगीला चष्मा लावल्याबरोबर ती भिंत सोडून व्हरांड्याच्या मधोमध धावत सुटली आणि पहिल्याच खांबावर आपटली. कपाळावर टेंगूळ. पण चष्म्याला हात लावू देईना.

११ सप्टेंबर, सोमवार

घारीला अक्षरं शिकवायचं काम मी मागून घेतलं. शाळा सुटल्यावर तासभर. मोठी अक्षरं, हातात भिंग.

सोपं नाही. जी मुलगी पाऊण मिनिटात पान संपवते ती एका शब्दाला घाम गाळते. डोकं दुखतं तिचं, डोळ्यांतून पाणी येतं. आज भिंग आपटलं. "ब्रेलमध्ये अ म्हणजे एक ठिपका. एक! क म्हणजे दोन. हे कुणी काढलंय असलं जंजाळ? शेंड्या काय, शेपट्या काय! डोळसांना दुसरं काम नव्हतं का?"

"होईल सवय."

"मुंगीला माझ्याआधी येतंय. ती सात वर्षांची आहे बाई. मी चौदा."

डॉक्टरीण म्हणाली होती तेच. मी पुस्तकात डोकं घातलं.

वसतिगृहाच्या मावशी मला आज म्हणाल्या, घारीला थोडंफार दिसतं हे मुलींना पहिल्यापासून ठाऊक होतं. ती त्यांना कपड्यांचे रंग सांगायची, सुईत दोरा ओवून द्यायची, जेवणात काय आहे ते लांबून सांगायची. "मग मला कुणी का नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "तुम्हाला आवडत नाही ना बाई, दिसलेलं."

१६ सप्टेंबर, शनिवार

आज मोठ्या सरांकडे गेले. जुना खुलासा मागे घेते असं लिहिलेला कागद दिला, खाली काय घडलं ते सगळं लिहिलं होतं: चष्मा आणला होता, मी काढून घेतला, आणखी तीन सापडलेत. आणि काळ्या लेसचा चष्मा टेबलावर ठेवला.

सर वाचून पांढरे पडले. "बाई, हे हात दाखवून अवलक्षण आहे."

"अवलक्षण झालं ते आठ वर्षांपूर्वी, सर."

"मंडळाला काय सांगू? तुमची सत्तावीस वर्षांची नोकरी, माझी शाळा, एका कागदाने मातीत घालवायची?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "त्या बाईला काय फरक पडतो? तिला वाचता तरी येतं का?"

मी घाबरले होते, खोटं कशाला लिहू. पण या वाक्याने काहीतरी झालं. मला आठवलं की 'वाक्याला वजन लागतं' म्हटल्यावर मी हसले होते.

"सर, हा कागद तुम्ही पाठवा. नाहीतर मी पाठवते."

वसतिगृहाचं आणि प्रवेशाचं काम त्यांनी तिथल्या तिथे माझ्याकडून काढून घेतलं. चौकशी लागेल. लागू दे म्हणण्याइतकी मी शूर नाही. बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं.

दुपारी गिरणीत फोन लावला. आत्याला बोलवून आणेपर्यंत यंत्रांचा खडखडाट ऐकत उभी राहिले. सांगितलं. माफी मागितली. ती म्हणाली, "मी तीन आठवडे झोपले नाही हो. मला वाटलं, मीच दिला नसेल, मलाच भास होतोय." आणि मग, "तिला सांगितलंत का?"

"नाही अजून."

"सांगा," म्हणाली. "मी नाही सांगणार. ते तुमचं तुम्ही."

२० सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

वर्ग रिकामा होता. तिने वहीवर 'घर' लिहिलं होतं, घ जरा लंगडा. मी म्हटलं, थांब, मला तुला काही सांगायचंय. वाक्यं पाठ करून गेले होते, ती सगळी विसरले. जसं आलं तसं बोलले: तू आलीस तेव्हा चष्मा होता, तो मी काढून घेतला, डब्यात टाकला आणि विसरून गेले.

ती वहीकडेच बघत होती. म्हणाली, "विसरलात?"

"हो."

"खरंच विसरला होतात?"

"खरंच."

मग तिने मान वर केली. चष्म्यामागे तिचे डोळे खूप मोठे दिसतात. ते एका जागी ठरत नाहीत, सारखे थरथरत असतात. म्हणाली, "मला आठवतं ते. काळी लेस होती. तुम्ही ओढला तेव्हा लेसमध्ये केस अडकले. मला वाटायचं तुम्हालाही आठवतंय, पण नियम आहे म्हणून तुम्हाला देता येत नाही. म्हणून तुम्हाला वाईट वाटतं." भिंगावरून बोट फिरवलं. "मला वाटायचं, म्हणूनच तुम्ही माझे एवढे लाड करता."

मी तिच्या वहीचा कोपरा सरळ करत राहिले.

"मग लाड कशाचे होते?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"तू आवडायचीस म्हणून."

"आवडायची," ती म्हणाली, "आणि रुमाल बांधायचात."

वही मिटली, भिंग पिशवीत घातलं आणि निघाली. दारात म्हणाली, "उद्या मी येणार नाही."

२१ सप्टेंबर

आली नाही. मी तासभर बसून राहिले.

२२ सप्टेंबर

आली नाही. व्हरांड्यात समोरून येत होती. मला पाहिलं आणि दुसऱ्या जिन्याने गेली. पाहून वळली. पूर्वी मला पाहून कुणी वळत नसे.

मंडळाची दोन माणसं चौकशीला आली होती. तीन चष्मे कुणाचे, ते मी दोन दिवस जुन्या याद्यांशी ताडून पाहतेय. एक बहुधा मुंगीचा. मागच्याच वर्षी आली ती, त्यामुळे माझं मलाच आठवायला हवं होतं. दुसरा कुणाचा ते कळलं, तो मुलगा सहा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेला. पत्त्यावर पत्र टाकलंय. तिसऱ्याचा माग लागत नाही. डॉक्टरीणबाई माझ्याबरोबर बसल्या होत्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण जाताना म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या शाळांतूनही असे डबे असणार. तुम्ही हे लिहून द्याल? आपल्या तोंडाने कुणी सांगत नाही हो हे." देईन म्हटलं.

हे संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी न्यायला आले होते. असे कधी येत नाहीत. रस्ताभर आम्ही कांद्यांबद्दल बोललो.

२५ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर सवयीने वर्गात जाऊन बसले. येणार नाही हे धरूनच. खडूने फळ्यावर मोठी अक्षरं काढून ठेवली, नुसतं बसायचं तर हाताला काम हवं म्हणून.

दारात पावलं वाजली. घार होती. मुंगीला दंडाला धरून घेऊन आली होती. मुंगीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, टेंगूळ आता पिवळं झालेलं.

"हिला शिकवा," घार म्हणाली. "हिच्या बाईंना वेळ नाही म्हणे. हिचं वय आहे अजून."

"आणि तू?"

"मी नाही शिकणार तुमच्याकडे."

मुंगी पहिल्या बाकावर चढून बसली आणि पाय हलवायला लागली. घारीने तिच्या चष्म्याच्या दांड्या कानांमागे नीट बसवल्या, घसरणार नाहीत अशा. मला वाटलं, आता जाईल. गेली नाही. सगळ्यांत मागच्या बाकावर, खिडकीशी जाऊन बसली, हाताची घडी घालून, तोंड बाहेर करून.

मी मुंगीला 'अ' दाखवला. तिने तो हवेत बोटाने गिरवला. 'आ' दाखवला. 'इ'पाशी ती अडखळली. मी तीनदा काढून दाखवला तरी तिची शेपटी उलट्या बाजूला जात होती. मी चौथ्यांदा फळ्याकडे वळले.

मागून, खिडकीकडून, आवाज आला, "असं नाही. बाई, तुम्ही मध्ये उभ्या आहात. तिला दिसत नाही."

मी बाजूला झाले.